साध्या तुरीच्या बरण्या

१

कपाट उघडलं आणि राजकन्याचा हात दारावरच राहिला.

खालच्या फळीवर बरण्या जशाच्या तशा होत्या. काळ्या कागदात गुंडाळलेल्या, तोंडाला मांजरपाटाचं फडकं, फडक्यावर सुतळीची गाठ आणि गाठीवर लाल लाख. वरची फळी मात्र मोकळी होती. धुळीत बरण्यांच्या बुडांची गोल गोल निशाणं तेवढी उरली होती.

"उमाबाई, वरच्या बरण्या कुठं गेल्या?"

"मला काय म्हाईत, मॅडम? कुलूप तर आत्ता तुमच्यापुढंच काढलं की." विभागातल्या शिपाई उमाबाई हातातली किल्ली अशी धरून उभ्या राहिल्या, जशी काही तीच आता साक्ष देणार होती.

अयोध्या दोघींच्या मागे होती. कडेवरची दीड वर्षाची सृष्टी खाली उतरायला धडपडत होती. नांदेडहून पहाटेच्या एसटीनं मैत्रिणीच्या कौतुकासाठी आलेली ती, आणि आता मैत्रिणीच्या मानेवर घाम फुटलेला बघत होती.

गोष्ट होती तुरीतल्या भुंग्याची. साठवलेल्या तुरीत सीताफळाच्या पानांची पूड मिसळली तर भुंगा लागत नाही, असं राजकन्याच्या प्रबंधाचं म्हणणं. ते सिद्ध करायचं तर बरण्या दोन जातीच्या लागतात. एकीत साधी तूर, दुसरीत पूड घातलेली तीच तूर. जिवंत भुंगे दोन्हीत सोडायचे. साधी तूर पोखरली गेली आणि पुडीची शाबूत राहिली, तरच पुडीचा गुण. पहिल्या प्रयोगात तसंच झालं होतं. साध्या बरण्यांत पार पीठ.

पण प्रबंध तपासायला गेला डॉ. कमलम्मांकडे. त्यांनी लिहून पाठवलं, 'सगळी तूर लातूरच्या एकाच आडतीवरची आहे. एवढ्यावर इतकं ठाम बोलू नका. दुसऱ्या गावची तूर घेऊन पुन्हा करा. बरण्यांना लाख लावा. मी येऊन माझ्या हातानं उघडीन.' राजकन्यानं जळकोटहून, माहेरहून तूर आणली, पुन्हा सगळं मांडलं आणि महिनोन् महिने त्या कपाटाला हात लावला नाही. आज खुली मौखिक परीक्षा. आज लाख फुटायची होती.

"झालं काय?" दारातून आवाज आला. कमलम्मा. साठीकडे झुकलेल्या, उदगीरकडच्या, नोकरी नांदेडला. कपाळावर विभूतीची पुसट रेघ. त्यांनी आधी खालची फळी पाहिली, मग वरची.

"साध्या तुरीच्याच गेल्या?"

"हो मॅडम," राजकन्या म्हणाली.

"मग खालच्यांचा काही उपयोग नाही. कशाशी ताडून बघणार?" त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "जेवणं झाली की मी निघणार. तोवर बरण्या मिळाल्या तर बघू. नाही मिळाल्या तर मला लिहावं लागेल, की पुरावा मागितला आणि दाखवला गेला नाही."

त्या गेल्या. त्या वाक्याचा अर्थ तिथं सगळ्यांना कळत होता. चूक असलेला प्रबंध दुरुस्त करता येतो, पण पुरावा लपवला असा शेरा बसलेला प्रबंध पुन्हा कुणी हातात धरत नाही. इतक्या वर्षांची मेहनत, आणि शेवटी नावापुढे डॉक्टरऐवजी लबाड.

राजकन्या एकदम वळली. डोळ्यांत पाणी नव्हतं, जाळ होता.

"वीरेश," ती म्हणाली. "दुसरं कोण करणार?"

२

अयोध्याचा जीव सकाळपासूनच थाऱ्यावर नव्हता. सृष्टीचं नाक वाहत होतं, रात्री खोकला होता, आणि 'लेकराला घेऊन कशाला जातीस' हे सासूचं वाक्य एसटीत लातूर येईपर्यंत कानात वाजत होतं. पण वैजनाथ सरांचा फोन आला होता. राजकन्याचे मार्गदर्शक म्हणून, आणि अयोध्याचेही एकेकाळचे सर म्हणून, त्यांना नाही म्हणणं जमलं नाही.

फोन का, तर प्रश्नासाठी. खुल्या परीक्षेला लोक येतात, लोकांनी प्रश्न विचारायचे असतात. भलतं कुणी काही विचारू नये म्हणून सर आधीच एकेकाला प्रश्न वाटून ठेवत. उत्तर देणाऱ्यालाही ते ठाऊक. मग टाळ्या, मग जेवण. सगळीकडे असंच चालतं म्हणून कुणाला त्यात वावगंही वाटत नसे. अयोध्याच्या वाट्याला आला होता, 'साध्या बरण्या आणि पुडीच्या बरण्या, काय फरक दिसला?' सृष्टीला मांडीवर थोपटत तिनं तो एसटीत घोकला. आणि सकाळी सर फाटकातच भेटले. "अयोध्याताई, लेकरू आणलं व्हय! झकास! बरं, ते बरण्यांचं राहू द्या. शेतकरी बायांना काय फायदा, एवढंच विचारा." सृष्टीचं नाक पुसण्याच्या नादात ती 'बरं सर' म्हणून मोकळी झाली होती. आता ऐनवेळी नवं वाक्य पाठ करणं आलं.

आता मात्र प्रश्न, उत्तर, सगळंच हवेत लटकलं होतं.

सभागृहात पाहुणे पंख्याखाली बसून घड्याळं बघत होते. टेबलावर ताटात नारळ मांडले होते. बाजूला उमाबाई पुटपुटत होत्या.

"नारळ हायेत अन् शाली सरांच्या खोलीतल्या कपाटातच. सर म्हणले, सत्कार शेवटी करू. असं कधी बघितलं न्हाई बाई. आमचे सर बल्ब बदलायला आलेल्याला बी शाल घालतेत!"

अयोध्या वीरेशला शोधत मागच्या बाजूला गेली. राजकन्याबरोबर विभागातच संशोधन करणारा तो लिंबाखाली, मोटारसायकलवर तिरका बसला होता. उंच, चष्मा, दाढी वाढलेली. तिला बघून तो हसला, पण हसण्यात काही राम नव्हता.

"झाली का माझी फाशी पक्की?"

"कुणी तसं म्हणलं का?"

"म्हणायला कशाला पाहिजे? मागं एकदा विभागात राजकन्या तिचा प्रयोग सांगून राहिली होती, मी हात वर केला. विचारलं काय, तर तूर कुणाकडून आणली, अन् साठवताना तिला आधी काही लावलं होतं का, ते विचारलंस का? बस्स. वैजनाथ सर म्हणाले, वीरेश, बसा, कौतुकाच्या दिवशी असलं विचारत नसतात. सगळे हसले. तवापासून राजकन्या माझ्याशी बोलत नाही."

"राग आला असंल तुला."

"आला ना. पण ताई, मला तिला पाडायचंच असतं तर बोलून पाडलं असतं. बरण्या उचलायला मी काय चोर हाय?" त्यानं चावी फिरवत मान खाली घातली. "तिचा प्रबंध मी दोनदा वाचलाय. पान अन् पान. तिला वाटतंय मी दुश्मन. खरं सांगू? इथं तो पुरता वाचलेला मी एकटाच हाय."

"काल संध्याकाळी तू प्रयोगशाळेत होतास?"

तो थबकला. "होतो. सूक्ष्मदर्शक परत ठेवायला. का?"

अयोध्यानं मागं वळून पाहिलं. सभागृहात खाली उतरवलेली सृष्टी मागोमाग आलीच नव्हती, हे तिच्या आत्ता लक्षात आलं होतं.

३

सृष्टी प्रयोगशाळेत होती. उमाबाईंनी तिला आत बसवून दार ओढून घेतलं होतं, आणि पोरगी लांब टेबलाखाली फतकल मारून गालात काहीतरी घोळवत होती.

"थू कर! थू!"

असल्या वेळी आईचं बोट विचार करत नाही. ते थेट लेकराच्या तोंडात जातं. अयोध्यानं जिभेखालून दाणा काढला, तळहातावर घेतला आणि श्वास सोडला. तूर होती. दुसरं काही घशाखाली गेलं नाही ना म्हणून ती गुडघ्यांवर टेकून टेबलाखाली वाकली. कोपऱ्यात आणखी चारसहा दाणे. आणि त्यांच्याजवळ लाल लाखेचा नखाएवढा तुकडा.

बाहेर कुणीतरी मोठ्यानं 'चहा आला' म्हणत होतं.

लाख फुटली होती. म्हणजे नेण्याआधी एक बरणी इथंच उघडून पाहिली होती. दाण्यांवर पानांच्या पुडीचा मागमूस नव्हता, म्हणजे साध्या तुरीचीच बरणी. तिनं एकेक दाणा उजेडात धरला. भुंग्यांच्या सोबतीला इतके महिने काढलेली साधी तूर चाळणीसारखी व्हायला हवी होती.

एकाही दाण्याला भोक नव्हतं.

तिनं राजकन्याला हाक मारली. राजकन्यानं दाणे पाहिले, चिमटीत फिरवले, पुन्हा पाहिले.

"शक्य नाही. पहिल्या खेपेला हात घातला तर पीठ आलं होतं गं हाताला."

"या खेपेला आलं नाही. साध्या तुरीलाही काही झालं नाही अन् पुडीच्या तुरीलाही. मग पुडीचा गुण कसा म्हणायचा?"

"म्हणजे लाख फुटली असती तर..."

"तुझी फजिती झाली असती. सगळ्यांपुढं." अयोध्या हळू बोलत होती, कारण बोलता बोलताच तिला ते दिसत होतं. "तुला बुडवायचं असतं तर या बरण्या जागेवर ठेवायच्या होत्या. वाटल्यास खालच्या फोडायच्या. नेल्या त्या नेमक्या तुला उघडं पाडणाऱ्या. राजू, हे तुझ्या वैऱ्यानं केलेलं नाही. तुझ्या मायेच्या कुणीतरी केलंय."

राजकन्या स्टुलावर बसली. कपाटाची एक किल्ली तिच्या पर्समध्ये होती, हे दोघींनाही माहीत होतं.

"मग तर सगळे म्हणतील," ती म्हणाली, "मीच केलंय."

४

मंजुळाबाई, राजकन्याची आई, मागच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसल्या होत्या. कालच जळकोटहून आलेल्या. पुढ्यात धपाट्यांची चळत, शेंगदाण्याची चटणी, दह्याचं भांडं. लेकीचा मोठा दिवस म्हणून पाहुण्यांना हातचं घालायचं, हा त्यांचा हट्ट. आत काय चाललंय याचा पत्ताही नव्हता. राजकन्यानंच सगळ्यांना बजावलं होतं, आईच्या कानावर जाऊ देऊ नका.

"आण इकडं त्या पोरीला. बघ कशी कोमेजलीय. टाळू कोरडीठाक! शिकल्यासवरल्या बाया तुमी, लेकराला तेल लावाया काय झालं?"

"डॉक्टर म्हणतात नको लावू, मावशी."

"डॉक्टरला काय, त्याला टाळू हाय का?" त्यांनी पिशवीतून एरंडेलाची बाटली काढली आणि सृष्टीला मांडीत आडवी घेतली. आईच्या हातात वळवळणारी पोरगी तिथं गप पडून राहिली. चिकट, जडसर वास आला. त्यांची बोटं फिरत राहिली. "तेलाचा हात फिरवला की कसं राखण होतं. लेकरू असू दे, दाणा असू दे."

अयोध्या दह्यावर ताट झाकत होती. तिचा हात थांबला. तळव्याला मघापासून काहीतरी चिकटचिकट लागत होतं. सृष्टीची लाळ असेल म्हणून तिनं तो साडीला पुसलाही होता. आता तिनं हात नाकाशी नेला.

तोच वास.

"मावशी, राजूला प्रयोगाला तूर तुम्ही दिली होती ना? साधी?"

"दिली की. ती म्हणली, आई, काय लावू नको, पूड न्हाई, राख न्हाई, औषध न्हाई. म्या कायबी लावलं न्हाई."

"अन् तेल?"

"तेलाचा हात फिरवला तेवढा. उन्हं दाखवली." त्यांनी नवलानं वर पाहिलं. "ते काय लावणं हाय व्हय? ते तर करावंच लागतं. जाणार कुठं तूर, तर लेकीच्या घरला. अन् लेक ठेवणार सासूच्या डोळ्यापुढं. माहेरची तूर किडकी निघाली तर आमची काय इज्जत ऱ्हाईल, सांग बरं?"

अयोध्याला हसावं की रडावं कळेना. राजकन्यानं साधी तूर मागितली, आईनं साधीच दिली. फक्त आईच्या घरातून लेकीकडे जाणारी तूर कधी साधी नसतेच. आणि हे विचारायचं राहून गेलं होतं. ज्यानं विचारलं त्याला खाली बसवलं होतं.

"हे कुणाला सांगितलंत का, मावशी?"

"सांगाया काय चोरी हाय? काल चहाच्या टायमाला सांगितलं की. राजू पाहुण्यांनला आणाया स्टँडवर गेलती. सर होते, ही उमाबाई होती. मधी तो उंच पोरगा आलता, चष्म्यावाला. म्या म्हणलं, सर, आमच्या तुरीची फिकीर नगा करू, एक दाणा किडणार न्हाई, एरंडेल चोळलंय."

"मग?"

"मग काय? कुणी बोललंच न्हाई. एवढा आलं घातलेला चहा, पण कुणाला गोड लागला न्हाई वाटतं. कप तसेच." मंजुळाबाईंनी सृष्टीच्या कपाळाला तेलाचं बोट टेकवलं आणि आवाज उतरवून विचारलं, "काय झालंय का गं, पोरी? माझ्यामुळं काय झालंय का?"

"काही नाही, मावशी," अयोध्या म्हणाली. पण ती त्यांच्या नजरेला नजर देईना.

५

तेलाचं तिघांना ठाऊक होतं. जेवणं सुरू झाली होती आणि कमलम्मांची गाडी व्हरांड्याला लागली होती.

उमाबाईंकडे किल्ली होती. पण तेल लावलेल्या तुरीनं प्रयोग कसा बुडतो हे त्यांना कुणी समजावलेलं नव्हतं. वीरेशला ते निमिषात कळलं असणार. पण किल्ली त्याच्याकडे नव्हती, आणि त्याचा प्रश्न खरा ठरवणाऱ्या बरण्या तो कशाला लपवेल? त्यानं तर त्या डोक्यावर घेऊन मिरवल्या असत्या.

उरले एक. मार्गदर्शक म्हणून कपाटाची तिसरी किल्लीही त्यांच्याकडे असायची. अयोध्याला ते उरावेत असं वाटत नव्हतं. तिच्या लग्नात आंतरपाटाजवळ उभं राहून रडलेला माणूस. पण तिच्या डोक्यात सकाळचं फाटक आलं, सृष्टीचं नाक आलं, आणि नाक पुसता पुसता 'बरं सर' म्हणालेला स्वतःचा आवाज आला.

वैजनाथ सरांच्या खोलीत ती शिरली तेव्हा कमलम्मांनी पेनाचं टोपण काढलं होतं. राजकन्या भिंतीशी उभी. दारात वीरेश, त्याला बोलावून आणलं होतं. सर खुर्चीत, रुमालानं मान पुसत.

"तक्रार द्यायची तर माझ्या नावानं द्या," वीरेश म्हणत होता. "पण तिच्यावर काही लिहू नका, मॅडम."

सर मान पुसतच राहिले. ते अयोध्याला सगळ्यात जास्त लागलं.

"सर," ती म्हणाली, "मॅडम निघाल्या. सत्कार राहिला ना. शाल काढा."

कमलम्मांनी भुवया आवळल्या. "आता सत्कार कसला?"

"सरांकडे पाहुणा शालीशिवाय जात नाही, मॅडम. आज मात्र सत्कार शेवटी ठेवला. का, तर शालींच्या कपाटाचं दार उघडायचं नव्हतं." ती सृष्टीला व्हरांड्यात ठेवून आली होती, हात मोकळे होते, आणि त्या हातांचं काय करावं ते समजत नव्हतं. "सर, आज मी कोणता प्रश्न विचारायचा होता?"

"शेतकरी बायांना... फायदा काय."

"तो आजचा. फोनवर दुसरा दिला होता. साध्या बरण्यांत काय दिसलं, हा. सकाळी फाटकात तुम्ही तो काढून घेतला. तेव्हा कपाट अजून उघडलंही नव्हतं. तेव्हा बरण्या गेल्यात हे राजूला ठाऊक नव्हतं, उमाबाईंना नव्हतं, कुणालाच नव्हतं. बरण्या आज दिसणार नाहीत, हे एकाच माणसाला माहीत होतं. ज्यानं त्या काढल्या त्याला."

मग तिनं बाकीचं सांगितलं. तेल, चहा, टेबलाखालचे दाणे. सांगताना ती राजकन्याकडे बघत नव्हती. 'आईनं' हा शब्द आला तेव्हा राजकन्यानं भिंतीला हात टेकवला.

सरांनी खिशातून किल्ली काढली. स्वतः नाही उठले. वीरेशनं दार उघडलं. शालींच्या चळतीमागे काळ्या कागदातल्या बरण्या दाटीवाटीनं बसल्या होत्या. एकीच्या तोंडाचं फडकं सुटलं होतं.

"एक उघडून बघितली," सर म्हणाले. "वाटलं, नसंल तसं. पण तसंच होतं. मॅडम, माझ्या सरांनी माझा प्रबंध भर सभेत टेबलावरून खाली फेकला होता. वेचायला वाकलो तर लोक हसले. तेव्हाच ठरवलं, माझ्या हाताखालच्या लेकराला असं कधी ऐकावं लागणार नाही. कालही तेच वाटलं. वाचवू तिला."

"आणि आज मी कागदावर लबाड लिहिणार होते," कमलम्मा म्हणाल्या. "ते तुम्ही खुर्चीत बसून बघत होता. या पोराचं नाव घेतलं गेलं तेही."

"बोलायचं होतं. जीभ उचलंना."

कमलम्मांनी टेबलावरच्या, सरांच्या प्रबंधप्रतीची पानं चाळली. "प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तुमच्या अक्षरात 'उत्तम'. प्रत्येक! वैजनाथराव, फेकणं वेगळं आणि विचारणं वेगळं. तूर कुठून आणली, एवढं एकदा पेन्सिलीनं समासात लिहिलं असतं तर ही मुलगी आज या भिंतीला टेकली नसती."

सर रुमालाची घडी घालत राहिले. घडी जुळेना.

कमलम्मांनी पेनाचं टोपण पुन्हा लावलं आणि उठल्या. "सगळ्या बरण्या सभागृहात न्या. परीक्षा होईल."

"पण मॅडम," राजकन्याच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य, "दाखवायला काहीच नाही माझ्याकडं."

"जे आहे ते दाखवा," कमलम्मा म्हणाल्या. "मी तेवढंच मागितलं होतं."

६

जेवून सुस्तावलेली माणसं पुन्हा खुर्च्यांवर आली. दुपारची लाईट गेली होती, पंखे थांबले होते. राजकन्यानं सगळ्यांपुढं लाख फोडली. दोन्ही प्रकारची तूर पांढऱ्या कागदावर ओतली. दोन्ही शाबूत.

"हा प्रयोग फसला," ती म्हणाली. "तुरीला आधीच तेल लावलेलं होतं. पुडीच्या बरण्यांतल्याही आणि साध्या बरण्यांतल्याही. त्यामुळे यावरून पुडीचा गुण सांगता येत नाही."

मागच्या दारात मंजुळाबाई उभ्या होत्या, कडेवर सृष्टी. "चूक माझी हाय ती," त्या मोठ्यानं म्हणाल्या. सगळ्यांनी वळून पाहिलं. "तिची न्हाई. तेल म्या लावलं."

"नाही, आई," राजकन्या म्हणाली. "तू नेहमी देतीस तशी दिलीस. मी म्हणलं साधी दे. साधी म्हणजे तुझ्या घरात काय, ते विचारलं नाही. विचारायला सांगणारा होता, त्याला मी दुश्मन ठरवलं."

खिडकीजवळ वीरेश चष्मा काढून उगाच काचा पुसू लागला.

"प्रश्न?" कमलम्मांनी विचारलं.

ज्यांना ज्यांना प्रश्न वाटून दिले होते ते सगळे वैजनाथ सरांकडे बघायला लागले. सर शेवटच्या रांगेत बसले होते, मान खाली. पाठ केलेलं एकही वाक्य आता कुठं बसत नव्हतं.

अयोध्या उठली. उठल्यावर तिला वाटलं, बसावं. शेतकरी बायांचा फायदा विचारावा आणि पोरीला घेऊन पाचची गाडी धरावी. वर्षामागून वर्षं या मुलीनं काढलेली तिनं पाहिली होती. पण तिला आपला एम.एस्सी.चा अहवाल आठवला. नांदेडला कमलम्मांकडून परत आला तेव्हा त्यात शाईपेक्षा लाल जास्त होतं. ती दोन दिवस रडली होती. आणि नंतर लक्षात आलं होतं, की तिनं लिहिलेली ओळ न् ओळ कुणी वाचली असेल तर ती त्या लाल पेनानंच.

"राजकन्या," ती म्हणाली, "जळकोटच्या तुरीला काय लावलंय ते विचारायचं राहिलं. मग पहिल्या प्रयोगातल्या आडतीवरच्या तुरीचं काय? तिला आधी काही लावलं होतं का, ते तरी विचारलं होतंस का? नसशील, तर तो प्रयोग तरी खरा कशावरून?"

सभागृहात कुजबुज झाली. हा घाव बरोबर मुळावर होता. एक गेला तर गेला, पण पहिलाही गेला तर हातात काहीच उरत नव्हतं. राजकन्याचा चेहरा पांढरा पडला. ती अयोध्याकडे अशी बघत राहिली, जशी काही ओळखच नाही. मंजुळाबाईंनी सृष्टीला छातीशी घट्ट धरलं.

अयोध्याला वाटलं, मैत्री गेली.

"नव्हतं विचारलं," राजकन्या सावकाश म्हणाली. मग तिची नजर टेबलावरच्या कागदाकडे गेली, तिथून पुन्हा वर आली. "नव्हतं विचारलं. पण... थांब. पहिल्या वेळी साध्या बरण्यांत भुंगा झाला होता. पार पीठ. आणि पुडीच्या बरण्यांत तीच तूर होती, त्याच पोत्यातली. आडत्यानं भुंगा अडवणारं काही लावलं असतं, तर तो साध्या बरण्यांतही झाला नसता. झाला. म्हणजे दोन्हीत फरक होता तो फक्त पुडीचा." आता ती हातवारे करून बोलत होती. "साधी बरणी त्याचसाठी असते. मी विचारायला विसरले तरी ती सांगते. या खेपेलाही तिनंच सांगितलं. ती लपलेलीच राहिली असती, तर मला ते ऐकूच आलं नसतं!"

कमलम्मा खाली मान घालून लिहायला लागल्या. खूप वेळ लिहीत होत्या. राजकन्याला एवढ्या लांबून अक्षरं दिसत नव्हती, कमलम्मांच्या पाठीशी उभ्या अयोध्याला दिसली. 'पहिला प्रयोग ग्राह्य. दुसरा पुन्हा करावा. तूर कोणाकडची, तिच्यावर काय संस्कार झाले, याची चौकशी करून नोंद घ्यावी. हा फसलेला प्रयोगही प्रबंधात यावा. त्यानंतर पदवी द्यावी.'

वीरेशचा हात वर गेला. "मलाही हाय एक."

"एकच?" राजकन्या म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा लोक हसले. वीरेशही.

त्यानं विचारलं, तिनं उत्तर दिलं. अर्धं जमलं, अर्धं नाही जमलं, नाही जमलं ते तिनं लिहून घेतलं. कमलम्मांचा ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला. मंजुळाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. तेलानं चपचपीत डोक्याची सृष्टी त्यांच्या मांडीत झोपली होती, तोंड उघडं. अयोध्यानं सवयीनं वाकून बघितलं, तोंडात काही नव्हतं.

मग शेवटच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वैजनाथ सर उभे होते. हातात प्रबंधाची त्यांची प्रत, प्रत्येक प्रकरणाखालचं 'उत्तम' सोडलं तर कोरी करकरीत, पुठ्ठ्याची घडीही न मोडलेली.

"राजकन्या," ते म्हणाले. "हे तिसऱ्या प्रकरणातलं... मला कळलं नव्हतं गं. तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. आता समजावून सांगशील का?"

राजकन्या ग्लासभर पाणी प्यायली. मग तिनं खडू घेतला आणि फळ्याकडे वळली.